सात टक्क्यांची काठवट

॥ श्री मोरया प्रसन्न ॥

मु. पो. शेळगाव, ता. इंदापूर
मंगळवार, दुपार

राजमान्य राजेश्री मल्हारतात्या यांस,

शेळगावहून सावळारामाचा दंडवत, अगदी कपाळ जमिनीला टेकवून. (जावयानं बायकोच्या भावाला दंडवत घालायची आपल्यात रीत न्हाय हे मला ठाऊक हाय, पण सध्या रीत बघत बसावं अशी माझी परिस्थिती न्हाय.) तुमच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, हिरवी पट्टी सुटली, अन् आता शेळ्या पुन्हा एकेक ओळखू यायला लागल्या असं बारामतीच्या एका कंडक्टरकडनं समजलं. ऐकून लई बरं वाटलं. औषधाचे थेंब वेळच्या वेळी टाकत जावा, चुलीपुढं बसू नका, अन् कुणाचाबी कितीबी राग आला तरी डोळे वटारू नका, ऑपरेशनच्या जागी ताण येतो. सारजावैनींचा गुडघा कसा हाय? बाजरी पदरात पडली का? काळी शेळी व्याली का, अन् व्याली असंल तर पाट की बोकड? आमी सगळी हितं खुशाल हाय. आमी सगळी म्हंजे मी.

डॉक्टरनं तुमाला महिनाभर लिहायवाचायला बंदी केलीय हेबी त्याच कंडक्टरनं सांगितलं. सारजावैनी शाळेत गेल्या न्हाईत. तवा हे पत्र तुमच्या घरात सध्या जे तिसरं माणूस राहायला हाय, तेच तुमाला वाचून दाखवणार हे मी धरून चाललोय. त्या माणसाला माझी हात जोडून विनंती हाय, की कंसातला मजकूर मोठ्यानं वाचू नये. तो मनातल्या मनात वाचावा अन् पुढं सरकावं. (वरचा कंस मोठ्यानं वाचला असंल तर आता इलाज न्हाय.) फोन केला असता, पण तुमचा फोन सारजावैनी उचलत्यात अन् "रेंज न्हाय" असं अगदी स्पष्ट आवाजात सांगून ठेवत्यात. दुसऱ्या फोनबद्दल मी काय लिहू? तो वाजायच्या आतच कट होतो. म्हणून म्हणलं, जुनी चाल बरी. कागदाला काय कट करता येत न्हाय.

आता पहिल्यांदाच सांगून टाकतो, की हे पत्र कुणाला परत बोलवायला लिहिलेलं न्हाय. गैरसमज नसावा. आमची मंडळी तुमच्याकडं मोरगावला येऊन बरेच दिवस झाले, राहू द्या. माहेर हाय, भाऊ हाय, मोरयाचं दर्शन हाय, राहावं माणसानं. हितं माझं काही म्हंजे काही अडत न्हाय. सकाळी उठतो, म्हशींचं बघतो, चहा करतो, भाकरी करतो, सगळं येतंय मला. (भाकरी परातीत थापतो. थापताना गोल असती, तव्यावर टाकताना तिचा महाराष्ट्राचा नकाशा होतो अन् खाली उतरवताना कोकण तव्यालाच चिकटून राहतं. काल म्हशीला घातली, तिनं हुंगली अन् माझ्याकडं बघितलं.) वखारवाल्या चाँदभाईच्या घरनं डबा येईल अशी मला खात्री होती, तुमाला ठाऊकच हाय आमचं किती जुनं हाय ते. पण सायराभाभींनी निरोप धाडला, की ठमाबाई येईस्तोवर चहा मिळंल, बाकी काय मिळणार न्हाय. ही बायकांची आपसात कवा बोलणी होतात ते आपल्याला कळत न्हाय, तात्या. फोन माझाच तेवढा कट होतो असं दिसतंय.

तर हे पत्र निव्वळ आमच्या बॉयलरची हकीकत कळवायला लिहिलंय. तुमच्या कानावर एकाच बाजूनं गोष्टी गेल्या असणार, तवा दुसरी बाजू जाणं तुमच्या डोळ्यालाबी चांगलं.

तुमाला वाटत असंल, चांगला ऊस लावत होता, सोसायटीच्या मीटिंगला जाऊन भजी खात होता, ह्या माणसाच्या डोक्यात लाकडाचं खूळ कुठनं शिरलं. तर ते शिरलं चाँदभाईच्या वखारीमागनं. तुमी बघितलीय ती वखार, तुमच्या गोठ्याच्या वाश्याचं लाकूड तिथलंच. करवतीवर लाकूड कापून कापून मागं भुशाचा ही एवढा डोंगर झालेला. कोंबड्यांच्या शेडवाले चार पोती न्यायचे, बाकीचा वाऱ्यानं उडून शेजाऱ्यांच्या ताकात पडायचा अन् मग भांडणं. अशात बारामती एमआयडीसीतल्या एका दुधाच्या फॅक्टरीचे सुयोगसाहेब वखारीत आले. पोरगेला माणूस, शर्ट इन केलेला, पण बोलायला गोड. ते म्हणाले, दूध तापवायला वाफ लागती, वाफेला बॉयलर लागतो, अन् बॉयलरला आमी आजवर लांबनं आणलेला दगडी कोळसा घालतोय. आता आमाला लाकडाचं जळण पायजे. कारण काय, तर कोळसा जाळला की संपला, झाड तोडलं तर पुन्हा वाढतं. हे ऐकून चाँदभाईनं माझ्याकडं बघितलं अन् मी माझ्या बांधाकडं बघितलं. माझ्या बांधावरची वेडी बाभूळ तुमी जाणता. तीन पिढ्या आमी तिला तोडतोय अन् ती आमाला दाद देत न्हाय. पुन्हा वाढायचं शिकवावं लागंल असं ते झाडच न्हाय.

मग आमी दोघांनी मिळून मशीन घेतलं. काम सोपं हाय. वेडी बाभूळ, सुबाभूळ, डाळिंबाच्या बागांची छाटणी, जे लाकूड कुणाला नको ते चिपरमधी घालायचं. चिपर म्हंजे आपलं कडबाकुट्टीचं मशीन समजा, पण वैरणीऐवजी ओंडके खाणारं. त्याची चिपाडं बारीक करायची, वखारीतला भुसा मिसळायचा, उन्हात खडखडीत वाळवायचं अन् दुसऱ्या मशीनमधी दाबायचं. त्यातनं लाटण्यापेक्षा जाड, मनगटाएवढ्या कांड्या पडत्यात. डिंक न्हाय, चिखल न्हाय, नुसत्या दाबानं घट्ट. ह्याला सगळीकडं पांढरा कोळसा म्हणतात. तो पांढराबी नसतो अन् कोळसाबी नसतो, पण नाव पडलं ते पडलं. माझं नाव सावळाराम हाय अन् रंग तुमी बघितलाय.

ह्या धंद्यातला देव एकच, तो म्हंजे ओलावा. लाकडात पाणी असंल तर आग आधी ते पाणी वाळवत बसती, वाफ राहती बाजूला, नुसता धूर. म्हणून ओलावा मोजायचं एक यंत्र असतं, मोबाईलएवढं. त्याला पुढं दोन सुया. लाकडाला टोचायच्या, वर आकडा येतो. दहाच्या आत आला की लाकूड झकास. चाँदभाईनं ते यंत्र माझ्या हातात दिलं अन् तात्या, खरं सांगतो, लग्नात घड्याळ मिळालं तवाबी मी एवढा खूश झालो नव्हतो. खिशात तंबाखूच्या पुडीशेजारी तेच. दाराला टोचून बघितलं, नांगराला बघितलं, देवळाच्या खांबाला बघितलं (गुरवानं हाकललं). पाडव्याला तुमच्याकडं आलो होतो तवा तुमच्या बाजेच्या चारी खुरांना टोचलं. तुमी वर झोपला होता. डोक्याकडचा एक खूर ओल धरतोय, सावकाशीनं बदलून घ्या.

आता काठवटीचं. हे मी टाळणार नव्हतो. तुमच्या मातोश्रींनी, म्हंजे माझ्या सासूबाईंनी, लेकीला सासरी धाडताना स्वतःची पीठ मळायची काठवट दिली होती. बाभळीच्या एकाच खोडातनं कोरलेली, मळून मळून आतनं गुळगुळीत झालेली. आमच्या घरात मिक्सर आला, गॅस आला, पण भाकरीचं पीठ त्या काठवटीतच मळलं जायचं. तर ज्या दिवशी चिपर आला त्या दिवशी अंगणात गाव लोटलं. मीच दवंडी दिल्यागत सांगून बसलो होतो, की घरात जे मोडकं वाळकं लाकूड असंल ते आणा, चालवून दाखवतो. कुणी खाटेचा पाय आणला, कुणी जुनं जू, कुणी खिडकीची चौकट. ढीग झाला. अन् त्या ढिगाच्या कडेला, धुऊन, उन्हात उपडी घातलेली ती काठवट. तात्या, तुमी दोन्ही डोळे शाबूत ठेवून सांगा, उपडी काठवट अन् तासलेला ओंडका ह्यात लांबनं काय फरक असतो? मी उचलली, तोंडात दिली. मशीनच्या तोंडात. घर्र झालं अन् पलीकडनं चिपाडं पडली. एका क्षणाचं काम. तवर ठमाबाई पिठाचा डबा घेऊन काठवट न्यायला बाहेर आली होती.

(आता इथनं पुढं जरा हळू वाच. मला माहीत हाय पुढचं तुला पाठ हाय. मशीन बंद केलं, चिपाडं हातात घेतली, कळलं की काय झालंय. पण हाताला सवय लागलेली. त्यानं यंत्र काढलं, सुया टोचल्या, अन् आकडा बघून तोंडातनं निघून गेलं, "ठमे, बघ बघ, सात टक्के! अख्ख्या गावात एवढं वाळलेलं लाकूड न्हाय!" चार माणसांनी टाळ्याबी वाजवल्या. त्या मी वाजवायला सांगितल्या नव्हत्या.)

आमची मंडळी काहीच बोलली न्हाय. तुमची बहीण बोलत न्हाय म्हंजे काय, हे तुमी माझ्याआधीपासनं जाणता. तिनं डबा खाली ठेवला, आत जाऊन लुगडं बदललं, पिशवी घेतली. मी मागनं म्हणलं, अगं निदान कुठं चाललीस ते तरी सांग. तर म्हणाली, "जितं माझ्या आईला सुया टोचत न्हाईत तितं." अन् बारामतीच्या गाडीत चढली. चाँदभाई तितंच उभा होता. तो संध्याकाळी मला म्हणाला, "सावळाराम, राग काठवटीचा न्हाय, त्या सात टक्क्यांचा हाय." मी म्हणलं, मग काय बारा टक्के सांगायचे होते का? तो नुसता "या अल्ला" म्हणाला अन् गेला.

पुढं फॅक्टरीत चाचणीचा दिवस ठरला. सुयोगसाहेबांचं म्हणणं स्वच्छ होतं. एक पाळीभर तुमच्या कांड्यांवर बॉयलर चालवायचा, वाफेचं प्रेशर टिकलं तर माल पुढं घेणार, न्हाय टिकलं तर राम राम. मी पहाटे उठलो, आंघोळ केली, बाहेर आलो अन् बघतो तर अंगण कोरडं. एवढ्या मोठ्या कामाचा दिवस अन् दारात सडा न्हाय! इतकी वर्षं अंगणात सडा पडलेला बघत आलो, तो पडतो कसा ह्याचा विचार कवा केला न्हाय. (तू बादलीत हात बुडवून शिंपडायचीस एवढं आठवत होतं, पण मला वाटलं पाईप न्हाय म्हणून तसं करत असशील.) मी सरळ विहिरीची मोटर चालू केली, दोन इंची पाईप धरला अन् सगळं अंगण कसं चकचकीत धुऊन काढलं. रांगोळीचीबी हौस होती, पण ती पाण्यावर तरंगली. मनाला इतकं प्रसन्न वाटलं म्हणता! अन् मग ध्यानात आलं, की अंगणाच्या उताराला, ताडपत्रीखाली, चाचणीच्या सगळ्या कांड्या रचलेल्या हायेत.

पांढऱ्या कोळशाचं एक हाय. दगडासारखा टणक, ठोकला तर खणखण वाजंल, पण पाणी लागलं की फुगतो अन् त्याचा पुन्हा भुसा होतो. ताडपत्री वर केली तर खालच्या दोन थरांची लापशी झालेली. चाँदभाई पिकअप घेऊन आला, त्यानं ते बघितलं, मग पाईप बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "हे कुणी केलं?" म्हणाला. मी म्हणलं, सडा घातला. तो म्हणाला, "सडा? अरं, उजनीचा दरवाजा उघडल्यागत दिसतंय हे!" वरचे थर कोरडे वाटत होते, ते भरले. वाटंत गाडीच्या मागं वाफाळल्यासारखा वास येत होता, तवा आमी काचा वर घेतल्या.

फॅक्टरीत वेगळाच पेच. साखर कारखान्यांच्या मुलखातली माणसं आपण. गाळप सुरू व्हायच्या आधी कारखान्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन असतं, जोडीनं पूजा होती, नवरा-बायको बसतात, नारळ फुटतो, मग आग. दुधाच्या फॅक्टरीत असलं काही नसतं. पण तिथला फायरमन बिरदेव, म्हंजे बॉयलरमधी जळण सारणारा, तो आधी साखर कारखान्यात होता. तो अडून बसला. नवीन जळण हाय, पूजा झाल्याबिगर मी फावडं उचलत न्हाय, अन् पूजा जोडीनंच. सुयोगसाहेब घड्याळ बघायला लागले. टँकर दारात, दूध थांबलेलं. बिरदेव मला म्हणाला, मालकीणबाई कुठं हायेत? मी म्हणलं, माहेरी. हवापालटाला. (मोरगावला हवापालट, हे ऐकून तो हसला ते तुला सांगत न्हाय.) मग पूजेला बोलावलेल्या गुरुजींनी तोडगा काढला. बायको हजर नसली तर तिच्या जागी सुपारी चालती. कमरेला खोचायची, म्हंजे ती शेजारी बसल्यासारखीच. आता मी पँटीत, कमरेला कुठं खोचू? वरच्या खिशात ठेवली. छातीशी. पूजा सुरेख झाली. गुरुजी "सपत्नीक" म्हणाले की मी खिशाला हात लावायचो. तिला गप्प बसलेली बघून अगदी घरच्यासारखं वाटलं.

बिरदेवनं आग दिली. सुरुवातीला कांड्या अशा धडाडल्या, की मी चाँदभाईला मिठी मारली. प्रेशरचा काटा चढायला लागला. मग वरचा माल संपला, मधला आला. ज्वाळा पिवळी झाली, मग करडी, मग नुसता धूर. धुराड्यातनं असा काळा लोट निघाला की शेजारच्या फॅक्टरीतले कामगार मोटारसायकली हलवायला पळाले. काटा खाली यायला लागला. मी काट्याखाली उभा, माझं काळीज काट्याबरोबर खाली. तुमाला माहीत हाय, जीव टांगणीला लागला की मला तोंडात काहीतरी लागतं. तंबाखूला फॅक्टरीत बंदी. खिशात हात गेला, काहीतरी टणक लागलं, दाढेखाली धरलं अन् फोडलं. चघळत उभा राहिलो. चव जुनाट होती, पण धीर आला. तेवढ्यात बिरदेव घामाघूम होऊन आला अन् म्हणाला, "प्रेशर का पडतंय कळंना. मालकीणबाई नीट ठेवल्यात न्हवं?" मी खिसा चाचपला. मग दुसरा चाचपला. मग मला दाताखालचा तुकडा जाणवला.

खोटं बोलायला तोंड रिकामं नव्हतं. मी म्हणलं, "खाल्ली."

तात्या, बिरदेवनं फावडं खाली ठेवलं. गुरुजी दक्षिणा घेऊन निघाले होते, ते दारातनं माघारी फिरले अन् तिथंच थबकले. चाँदभाई कपाळावर हात मारून म्हणाला, "अरं ती वहिनी होती!" अन् मी, इतक्या माणसांत, एमआयडीसीत, उरलेला तुकडा हातावर काढून बघत बसलो. काट्यानं तळ गाठला. मग सुयोगसाहेबांनी त्यांचं यंत्र काढलं, कांडीला टोचलं, आकडा चोवीस. ते शांतपणे म्हणाले, काका, सुपारीचा काही संबंध न्हाय, माल ओला हाय. पण बिरदेव ऐकंना. त्याचं म्हणणं, ज्या माणसानं पूजेतली बायको खाल्ली त्याच्या जळणाला मी हात लावणार न्हाय, खरी बायको आणा. साहेब भले माणूस, त्यांनी पुन्हा एक चाचणी दिली, येत्या शनिवारी. माल वाळवा अन् ह्या बिरदेवचं काय ते मिटवा, म्हणाले. दूध त्या दिवशी जुन्या कोळशावर तापलं अन् आमी दोघं ओला माल पिकअपमधी घालून शेळगावला आलो.

एवढीच हकीकत. बाकी सगळं ठीक हाय. तुमी डोळ्याला जपा. सारजावैनींना नमस्कार, काळ्या शेळीला अन् पिल्लांना आशीर्वाद, अन् ज्यांनी हे वाचून दाखवलं त्यांच्या घशाला कोमट पाणी द्या.

तुमच्या बहिणीचा (कागदोपत्री तरी) नवरा,
सावळाराम

ता. क. एक किरकोळ गोष्ट लिहायची राहिली. शनिवारी पूजेला जोडी लागती, हे वर आलंच हाय. तवा ठमाबाईला फक्त एका दिवसापुरतं धाडता आलं तर बरं होईल. धंद्याचा प्रश्न हाय, त्यात दुसरं काही समजू नये. सकाळच्या गाडीनं बारामतीत उतरावं, पूजेला बसावं, संध्याकाळच्या गाडीनं माघारी. माझ्याशी बोलायची गरज न्हाय, पूजेत गुरुजीच बोलतात. चाँदभाई वखारीतल्या जुन्या खोडातनं काठवट कोरायला घेतोय. ती तुमच्या मातोश्रींची न्हाय, हे मलाबी कळतं.

ता. क. दुसरं. (आज रविवार. शाई बदललीय ते दिसंलच.) वरचं पत्र टाकायला धीर झाला न्हाय, खिशातच राहिलं. शनिवार काल झाला. आता खोटं बोलून उपयोग न्हाय, तवा लिहितो. माल कडक वाळवला होता, चाचणी पास झाली. पाळीभर काटा हलला न्हाय. बिरदेवचं काय केलं म्हणाल, तर त्यालाच विचारलं, जोडी पायजे ना, मग कुठलीबी चालंल का? तो म्हणाला, नवरा-बायको असली म्हंजे झालं. म्हणून चाँदभाई अन् सायराभाभी बसली. सायराभाभींनी नारळ फोडला, चाँदभाई बिस्मिल्ला म्हणाला, अन् काडी कुणी ओढायची ह्यावरनं दोघांची तितंच जुंपली. "तुमाला एक काडी धड ओढता येत न्हाय." "तू वाऱ्याला उभी राहू नगंस, मग बघ." तीन काड्या विझल्या. चौथी तिनं ओढली अन् त्यानं हाताचा आडोसा धरला. सगळे हसत होते. मी पोत्यावर बसून बघत होतो अन् मला काही हसू येईना. माल मंजूर झाला. सगळ्यांनी पाठ थोपटली. पेढे घेऊन घरी आलो, पुडा फळीवर ठेवला. कुणाला द्यायचा ते कळंना, म्हणून तसाच बांधलेला हाय. तर वरची पूजेची विनंती रद्द समजावी. पूजा झाली, बॉयलर पेटला, फॅक्टरीला ठमाबाईची काही गरज उरली न्हाय. आता बोलवायला माझ्याकडं निमित्तच उरलं न्हाय, तात्या. नुसतं घर खायला उठतं, एवढंच.

ता. क. तिसरं. अक्षर वाकडं हाय, कारण कागद मोटारसायकलच्या सीटवर ठेवलाय. पोस्टानं कवा पोचंल म्हणून मीच घेऊन आलो. सारजावैनींच्या हातात देतोय अन् कुरिअरवाल्यानं आणलं असं सांगायला सांगितलंय. तुमच्या दाराबाहेर लिंबाखाली उभा हाय. यंत्र घरी ठेवून आलोय. ठमा, त्या दिवशी तुझ्याकडं बघायचं सोडून आकड्याकडं बघितलं, माझं चुकलं. बाहेर ये, न्हायतर मला आत घे. तात्या, हे तुमाला न्हाय म्हणलेलं, पण दार तुमी उघडलं तरी चालंल.